घरची वजाबाकी, शाळेची वजाबाकी

पालक : बाई, भांडायला नाही आलो. वजाबाकी मला येते, एवढंच सांगायला आलोय. किराण्याचं दुकान आहे, दिवसभर तेच करतो. काल रात्री पोरगी तिसरीची वही घेऊन बसली. ५२ वजा २७. मी सांगितलं : दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर पंचवीस. तर म्हणते, "बाबा, हातचा बेरजेत असतो. इथं पाचावर काट मारायची आणि वर चार लिहायचे." मी म्हटलं, अगं, उत्तर तेच येतंय ना? तर रडायलाच लागली. आमच्या बाईंनी असं नाही शिकवलं, बाई खोडतील. आता मला सांगा, दोन्ही वाटांनी पंचवीसच येत असतील, तर माझी वाट खोडण्यासारखी कशी?

बाई : चुकीची तर नाहीच. पण वाट एकच आहे आणि चालण्याची ढब तेवढी वेगळी, असं समजू नका. या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. मी वर्गात काड्या देते. दहा काड्यांना रबर लावलं की एक दशक. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. त्यातून सत्तावीस काढून द्यायच्या तर सात सुट्ट्या कुठून आणायच्या? एका गठ्ठ्याचं रबर सोडायचं. उरले चार गठ्ठे आणि बारा काड्या. पाचावरची काट म्हणजे ते सोडलेलं रबर. तुमच्या मुलीनं ते स्वतः सोडलंय, म्हणून तिला वर चार लिहायचे असतात. आता तुमची रीत घ्या. तुम्ही पाचाला हात लावला नाही. खालच्या दोनाचे तीन केलेत. काड्यांमध्ये हा तीन कुठं दाखवणार? तिला तो दिसत नाही आणि तुम्ही म्हणता, असतो. ती रडली ती माझ्या भीतीनंच, असं मला वाटत नाही.

पालक : मग तुम्हीच सांगा तो कुठं असतो. मला आजोबांनी पाटीवर शिकवलं. का करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाई : दोन भावांच्या वयांतलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच राहतं ना? तुमची रीत त्यावर उभी आहे. वरच्या बावन्नमध्ये तुम्ही दहा मिळवलेत, सुट्ट्यांच्या घरात, म्हणून दोनाचे बारा झाले. खालच्या सत्तावीसमध्येही दहाच मिळवलेत, पण दशकाच्या घरात, म्हणून दोनाचे तीन झाले. म्हणजे तुम्ही ५२ वजा २७ केलंच नाही. ६२ वजा ३७ केलंत. फरक तोच राहिला. फार हुशार रीत आहे ही. पण ती समजायला मुळात वजाबाकी म्हणजे अंतर हे कळावं लागतं. तिसरीतल्या मुलाच्या मनात वजाबाकी म्हणजे काढून घेणं. काढून घ्यायचं असताना आधी दोन्हीकडे भर कशाला घालायची, हे त्याच्या गळी उतरत नाही.

पालक : हे इतकी वर्षं माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळे गल्ल्यात कधी एक रुपया कमी भरला नाही. यात माझं म्हणणं आलं बघा. तुम्ही म्हणता, आधी कळलं पाहिजे, मग करायचं. मी म्हणतो, आधी हातात बसू दे, कळायचं तेव्हा कळेल. आज मला एका मिनिटात कळलं ना? हातात आधीपासून होतं म्हणूनच. आणि दुसरं, तुमच्या काट मारण्याचं काय होतं ते मी परवाच पाहिलंय. ५०० वजा ३२७. सुट्ट्यांच्या घरात शून्य. दशकाकडं जायचं तर तिथंही शून्य. मग शतकाकडं जा, पाचाचे चार करा, दशकाचे दहा करा, त्यातला एक सोडून नऊ करा, मग कुठं सुट्टे दहा. पोरीनं इतक्या काटाकाटी केल्या की मूळ पाचशे दिसेनात. माझ्या रीतीत शून्याचं भय नाही. दहातून सात गेले तीन, हातचा एक. दहातून तीन गेले सात, हातचा एक. पाचातून चार गेले एक. एकशे त्र्याहत्तर. एकही काट नाही.

बाई : इथं तुमचं बरोबर आहे. शून्यं आली की आमची मुलं पडतात, ते मी दरवर्षी बघते. हा वाद आपल्या दोघांचाच आहे असंही नाही. अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर यांनी १९४९ मध्ये नेमकी हीच तुलना प्रसिद्ध केली होती, तीही तिसरीच्याच मुलांवर. काहींना गठ्ठा सोडण्याची रीत, काहींना दोन्हीकडे मिळवण्याची. त्यातही काहींना अर्थ सांगून, काहींना नुसतं 'असं करायचं' म्हणून. अर्थ सांगून शिकवलं तिथं गठ्ठा सोडण्याची रीत सरस ठरली. नुसती घोकून घेतली तिथं तुमची रीत मागे पडली नाही, उलट बरी निघाली. त्यानंतर तिकडच्या शाळांत दोन्हीकडे मिळवण्याची रीत मागे पडत गेली. म्हणजे तुम्ही आणि मी दोघंही बरोबर आहोत, फक्त वेगवेगळ्या शिकवण्याबद्दल बोलतोय.

पालक : म्हणजे शिकवणारा जर अर्थ सांगणारा नसेल, तर माझी रीत बरी. हे तुम्हीच म्हणालात, लक्षात ठेवा. आता माझी खरी तक्रार. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अउटकी सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सव्वासात शेरांचे पैसे सांगायचे. रुपयाचे सोळा आणे होते, शेराचे पावशेर-अर्धा शेर होते, तेव्हा त्या पाढ्यांना काम होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग किलो-ग्रॅम आले, आणि त्यांचं पाठांतर बघता बघता निकामी झालं. ते चिडले असतील, पण का बदललं ते त्यांना दिसत होतं. नाणंच हातात होतं ना. आता मला सांगा, आज कोणतं नाणं बदललं? दशक तेच, शतक तेच, रुपयाचे पैसे शंभरच. मग घरात बापाला येणारी वजाबाकी निकामी कशापायी करायची?

बाई : नाणं बदललं नाही, पण हिशेब कोण करतो ते बदललं. तुमच्या आजोबांच्या डोक्यात जे होतं ते आता गिऱ्हाइकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. बरोबर उत्तर काढणाऱ्या माणसाला पूर्वी नोकरी मिळायची. आज नुसतं उत्तर काढायला माणूस लागत नाही. कोणाचा कोणातून फरक काढायचा आणि आलेलं उत्तर शक्यतेतलं आहे की नाही, हे ओळखायला लागतो. संख्या फोडून, जोडून, जवळच्या दहावर नेऊन हाताळल्या की ती ओळख तयार होते.

पालक : मोबाइल आहे तर मग माझी वजाबाकीही नको आणि तुमचीही नको. एकीला मोबाइलनं मारायचं आणि दुसरीला जिवंत ठेवायचं, हे काही मला पटत नाही. आणि ओळख म्हणाल, तर ती आम्हाला पाढ्यांतून आली, काड्यांतून नाही.

बाई : पाढ्यांतून? बरं, तुमच्याच दुकानातलं विचारते. गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली, बिल तीनशे सत्तावीस. मोड परत देताना तुम्ही मनात हातचा घेता?

पालक : छे, तेवढा वेळ कुणाला आहे? मोजत जायचं. तीनशे सत्तावीस, हे तीन रुपये, झाले तीनशे तीस. हे सत्तर, चारशे. ही शंभराची नोट, पाचशे.

बाई : मग तुम्ही वजाबाकी केलीच नाहीत! खालून वर मोजत आलात. तीन, सत्तर, शंभर. एकशे त्र्याहत्तर. ही संख्यारेषेवरच्या उड्यांची रीत झाली. हीच उदाहरणं पोरीच्या वहीत बघून तुम्ही 'हा काय नवा खेळ' म्हणाला असाल. गल्ल्यावर तुम्ही तेच करता आणि वहीत तेच दिसलं की ओळखत नाही. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं. भाजीचे, मोडीचे हिशेब तोंडी आणि बिनचूक करणारी. त्यांनाच शाळेसारखी उदाहरणं कागदावर दिली तर बरीच अडखळली. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं उलट. कागदावर पुष्कळ बरी, पण बाजारातला हिशेब घातला की लांबलचक लिहीत बसणारी. मला ही भिंत पाडायची आहे. म्हणून ती उड्यांची रीत वहीत आली.

पालक : अभ्यास चांगला आहे, पण तुम्ही त्यातून उलटी गोष्ट काढताय. त्या पोरांना ती रीत कुणी 'पाठ क्रमांक अमुक' म्हणून शिकवली होती? गिऱ्हाईक समोर उभं, चुकलं तर पैसे जातात, म्हणून आली. मलाही तशीच आली. तुम्ही तीच उचलून पुस्तकात घातलीत, चौकट आखलीत, 'या पद्धतीने सोडवा' असं वर लिहिलंत, आणि ती पुन्हा कागदावरची झाली. दुकानात चार वाटा असतात आणि घाईत जी पायाखाली येईल तिनं जायचं. वहीत एका वाटेनं गेलं तरच गुण. आणि आता तर दारावर क्यूआर कोड लावलाय. दिवसाकाठी मोड द्यायची वेळ किती थोडी येते! पोरगी गल्ल्यावर बसली तरी तिला काही दिसणार नाही.

बाई : 'या पद्धतीने सोडवा' हे मलाही टोचतं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त १३५ गुणिले १२ हे उदाहरण घेतलंय. ते कसं करायचं याच्या कितीतरी रीती दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा, १०८० आणि ५४० मिळवा. नाहीतर बाराचे तीन चोक करा. नाहीतर बारात आठ मिळवून वीस करा, २७०० काढा आणि आठ पट वजा करा. सगळीकडून १६२०. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाच्या काळातला शिलालेख आहे. तेव्हा संख्या फोडण्याचं हे वेड परदेशातून आलं असं निदान तुमच्या-माझ्यासारख्यांनी तरी म्हणू नये.

पालक : परदेशाचं मी बोललोच नाही. तुम्हीच बोललात. पण त्यात भास्कराचार्यांनी सगळ्या रीती समोर मांडल्या. 'क रीतीने न केल्यास गुण नाहीत' असं म्हटलं नाही.

बाई : नाही म्हटलं. पण त्यांच्यापुढे चाळीस मुलांचा वर्गही नव्हता. मी मोकळीक दिली तर काय होतं ते सांगते. मुलं पहिली जमलेली रीत धरतात आणि दुसरीकडे ढुंकून बघत नाहीत. दुसरी रीत अंगवळणी पडेपर्यंत थोडी सक्ती करावी लागते, मग मोकळीक द्यायची. अडचण एवढीच, की सक्तीचा काळ संपला हे मुलांना आणि पालकांना सांगायचं राहून जातं. २०१९ मध्ये आठवतं? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं. जोडाक्षरं कठीण, बोलताना आधी सात आणि लिहिताना आधी दोन, मुलं पंचवीसचे बावन्न करतात, ही कारणं होती. नेहमीची नावंही पुस्तकात होतीच. पण विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून विनोद झाले, घरोघरी थट्टा झाली आणि मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाईंना खुलासे करत बसावं लागलं. कुणी विचारलं नाही की दोन्ही नावं का दिलीत. घरी जे येतं त्याला धक्का लागला, एवढंच दिसलं.

पालक : धक्का लागतोच, बाई. आकडा हा घरातल्या प्रत्येकाला येणारा एकच विषय आहे. इंग्रजी येत नाही, विज्ञान विसरलो, पण एकवीस-बावीस येतं, वजाबाकी येते. तेवढ्या एका जागी मी पोरीच्या शेजारी ताठ बसतो. ती जागाही काढून घेतली की बापानं फक्त सही करायची. तुम्ही म्हणाल, अहंकार आहे. असेल. पण तो पोरीच्या कामाचा अहंकार आहे.

बाई : नाही म्हणणार मी अहंकार. पण शेजारी बसणं नेहमी कामाचंच असतं असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांचा एक अभ्यास झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि तरी जे गृहपाठाला वारंवार मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. तितकेच धास्तावलेले पालक जिथं फारसे मदतीला बसले नाहीत, तिथं हे दिसलं नाही. तुम्हाला धास्ती नाही, हे मान्य. पण काल रात्री वहीवर तुम्ही वैतागलात की नाही?

पालक : वैतागलो. आवाज चढला. पण त्याचा दोष वैतागणाऱ्याला का? रात्री साडेनऊला, दुकान बंद करून आलेल्या माणसासमोर अशी रीत टाकायची, जिची त्याला कुणी ओळख करून दिली नाही, आणि तो वैतागला की अभ्यास दाखवायचा! आमच्या चाळीत धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई आहे. तिला हातचाही येत नाही. ती पोराला शिकवणीला घालते. शिकवणीवाला माझ्याच रीतीनं शिकवतो, कारण तीच भराभर होते आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्यायांतून उत्तर टिपायचं असतं, काट कुठं मारली ते कुणी बघत नाही. म्हणजे तुमची रीत घरात मी मोडतो, बाहेर शिकवणीवाला मोडतो. मग ती टिकते कुठं?

बाई : वर्गात टिकते, तीही पस्तीस मिनिटं. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. 'असर'च्या पाहणीत गावोगावी मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी घालतात. २०२४ मध्येसुद्धा ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच ती आली. आणि तीही आधीच्या पाहणीपेक्षा बरी स्थिती. तुम्ही म्हणाल, नव्या रीतींनी हे केलं. मी म्हणेन, रीत कुठलीच पुरती पोचली नाही, जुनी नाही आणि नवीही नाही. दोन्ही अर्ध्या. पोरांच्या वहीत मी असं बघितलंय : पाचावर काट, वर चार, आणि शिवाय खालच्या दोनाचे तीन. दोन्ही रीती एकत्र. उत्तर पंधरा. हे उत्तर घर आणि शाळा मिळून काढलेलं असतं.

पालक : पंधरा... हो, हे आमच्याकडेही झालंय. मला वाटलं, लक्ष नव्हतं.

बाई : लक्ष होतं. तिनं तुमचंही ऐकलं आणि माझंही. म्हणून माझी विनंती अशी आहे की मदत करताना आधी सांगू नका, विचारा. 'इथं चार का लिहिले?' तिनं सांगितलं, तर तुम्हाला रीत कळली आणि तिची पक्की झाली.

पालक : आणि नाही सांगता आलं तर? तुमच्या या सगळ्या बोलण्यात मुलाला वर्गात कळलेलं असतं. ज्याला कळलं त्याला बापाची गरजच काय? गृहपाठाला अडतं ते न कळलेलं पोर.

बाई : तर तिथंच थांबा. उदाहरण अर्धं सोडा आणि खाली लिहा, 'इथं अडलं'. मला त्याचा उपयोग आहे. तुमच्या रीतीनं पुरं झालेलं उदाहरण बघून मला वाटतं, हिला आलं.

पालक : मी लिहीन. मी दुकानदार, शाळेत येऊन तुमच्याशी दोन शब्द बोलू शकतो. ती धुणंभांडी करणारी बाई 'इथं अडलं' लिहिणार नाही. तिच्या मते अर्धी वही म्हणजे पोराचा पाणउतारा, आणि तिचाही. त्यापेक्षा असं करा ना, रीत वर्गात ठेवा. घरी नुसती उदाहरणं द्या, कुठल्याही रीतीनं सोडवा म्हणा.

बाई : मग घरी रोज तुमची रीत घोटली जाईल आणि माझी पाहुणी राहील. पालकांना बोलावून काड्या दाखवायचा प्रयत्नही केला मी. आले ते तुमच्यासारखे. ज्यांना बोलवायचं होतं त्यांचा रोज बुडला असता.

पालक : घोटली जाईल ना? काहीतरी एक घोटलं जाईल. दोन्हीकडून पंधरा येण्यापेक्षा बरं.

बाई : तेवढ्यासाठी गठ्ठा सोडणं सोडून द्यायला मी तयार नाही. पण तुमचं अर्धं ऐकते. उद्या तिला ५०० वजा ३२७ घालते. रीत सांगणार नाही.

पालक : आणि तिनं माझ्या रीतीनं केलं तर?

बाई : तर वरच्या शून्याचे दहा कुठून आले ते विचारीन.

पालक : ते मला काल विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. उत्तर बरोबर, सांगता मात्र आलं नाही, असं झालं तर गुण कापणार?

बाई : ते माझं अजून ठरलेलं नाही.